शेपटीवाला ए ठेवू की काढू?

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतो. २०१४ मध्ये काम सुरू केलं तेव्हा एका मित्राने लोगो करून दिला होता, अपर्चरच्या (लेन्समधून किती उजेड आत येईल ते ठरवणाऱ्या झडपेच्या) पात्यांचा गोल आणि आत माझ्या नावाची इंग्रजी अक्षरं ए आणि पी, बारीक नागमोडी फॉन्टमध्ये. ए ची शेपटी गोलाच्या बाहेर येते. आता पहिल्यांदाच गाळा घेतलाय, बोर्ड करायचाय, तर भाचा (तो आर्टला आहे) म्हणतो मामा लोगो जुनाट दिसतो, सगळा नवीन करू. मलाही बघून बघून कंटाळा आलाय. पण मागच्या महिन्यात एक बाई आल्या, नणंदेच्या घरी अल्बम बघितला म्हणाल्या, तो शेपटीवाला ए तुमचाच ना? तेव्हापासून अडकलोय. ओरिजिनल फाइल पण नाहीये, व्हॉट्सअ‍ॅपवरचा जेपीजी आहे फक्त.
– एक फोटोग्राफर, सातारा

उत्तर : दादा, तुम्ही पाठवलेला लोगो मोठा करून बघितला, मग अगदी डीपीएवढा करून बघितला, आणि मत आधीच सांगते म्हणजे भाच्याशी बोलायला बरं. नवीन करू नका, आहे तोच नीट करून घ्या. शेपटी ठेवा, बाकी बरंच काढता येईल.

कंटाळा आलाय हे कारण धरूच नका. तुम्ही तो लोगो रोज पन्नास वेळा बघता, फोटोच्या कोपऱ्यात, बिलावर, अल्बमच्या बॉक्सवर. गिऱ्हाईक तो बघतं बुकिंगला, मग अल्बम हातात आल्यावर, मग कधीतरी पाहुणे आले की. तुम्हाला ज्याचा वीट आलाय ते लोकांच्या डोळ्यात आत्ता कुठे बसायला लागलंय, आणि तुमच्याकडे तर पुरावा स्वतःच्या पायाने चालत आला, अनोळखी बाई दुसऱ्याच्या घरातला अल्बम शेपटीवरून ओळखते, हे पैसे देऊन मिळत नाही हो. गॅप या अमेरिकेतल्या कपड्यांच्या मोठ्या कंपनीने २०१० मध्ये लोकांच्या ओळखीचा लोगो एकदम बदलला आणि इतका आरडाओरडा झाला की आठवड्याभरात जुना परत आणावा लागला, त्यांच्याकडे पैसा होता म्हणून निभावलं.

पण भाचा चुकीचं बोलतोय असंही नाही, त्याला काहीतरी खुपतंय ते बरोबर खुपतंय. अपर्चरचा गोल ही तुमची खूण नाही, ती धंद्याची खूण आहे, तुमच्या गल्लीतल्या दुसऱ्या फोटोग्राफरकडेही तीच असेल. त्या बाईंना गोल आठवला का? नाही, शेपटी आठवली. दुसरं म्हणजे रेषा फार बारीक आहे. पांढऱ्या शालूवर किंवा मंडपाच्या लायटिंगवर वॉटरमार्क आला की पी दिसतच नाही, मी तुमचे चार फोटो बघितले त्यातल्या दोनात नुसती ए ची वरची टोकं दिसत होती. डीपीच्या गोलात तर अपर्चरचा गोल म्हणजे गोलात गोल, आणि मधलं अक्षर मुंगीएवढं.

घरी एक गोष्ट करून बघा. दहा जुन्या गिऱ्हाइकांना, जे आपणहून भेटतील त्यांना, कागद द्या आणि म्हणा माझा लोगो आठवतो तसा काढून दाखवा. चित्र वेडंवाकडं येऊ दे. जे पाच-सहा जणांच्या कागदावर येईल त्याला हात लावायचा नाही, जे कुणीच काढलं नाही ते गेलं तरी कुणाला कळणार नाही. माझा अंदाज शेपटीचाच आहे, पण कागद काय म्हणतात ते बघा, माझं ऐकून ठरवू नका. मग उरलेलं चित्र रबर स्टॅम्पवर एका रंगात नीट उमटतं का बघायचं, तिथे टिकलं तर सगळीकडे टिकतं.

हळूहळू बदलण्यात काही कमीपणा नाही. व्हिसलर नावाचा चित्रकार होता एकोणिसाव्या शतकात, सहीऐवजी फुलपाखरू काढायचा, ते मुळात त्याच्या जे आणि डब्ल्यू या अक्षरांतूनच तयार झालेलं, आणि वर्षानुवर्षं तो ते बदलत गेला, पुढे त्याला नांगीसुद्धा दिली, पण फुलपाखरू सोडलं नाही. आपल्याकडे स्टेट बँकेचा निळा गोल बघा, १९७१ पासूनचा, २०१७ मध्ये सहयोगी बँका विलीन झाल्या तेव्हा अक्षरं बदलली, रंगात थोडा फरक केला, गोल राहिला.

आता बोर्ड. इथे मात्र तुम्हाला काहीतरी नवीन करावंच लागणार आहे, कारण तुमच्या लोगोत मराठी अक्षरच नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लागते, बाकी भाषा चालतात पण मराठी अक्षरं त्यांच्यापेक्षा लहान नकोत. मला यात तुमचा फायदाच दिसतो. इंग्रजी ए ला जशी शेपटी आहे तशी देवनागरी अ लाही खालच्या गाठीतून एक रेघ काढता येईल, पण प्लीज, इंग्रजी फॉन्टसारखा दिसणारा मराठी फॉन्ट शोधत बसू नका. देवनागरीचा बोरू रोमनच्या निबेपेक्षा उलट्या बाजूला तिरका कापतात, त्यामुळे आपल्या अक्षरात जाड-बारीक वेगळ्याच जागी येतं, इंग्रजी अक्षराचे तुकडे जोडून केलेला अ नेहमी लंगडा दिसतो. भाच्याला हेच काम द्या. त्याला म्हणावं बोरू आणि शाई घे, पन्नास अ काढ, त्यातला एक निवडू. त्याचाही मान राहील आणि खरंच चांगलं काहीतरी हाती लागेल.

फाइलचं आजच बघा. जेपीजी बोर्डाएवढा ताणला की कडा फुटतात, म्हणून कुणाकडून तरी तो व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी कडा न फुटणाऱ्या फाइलमध्ये) परत ट्रेस करून घ्या, ऑटो ट्रेस नको, हाताने, आणि अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टऐवजी नुसता आकार करून) सीडीआर, पीडीएफ, एसव्हीजी अशा तिन्ही प्रकारच्या फाइल स्वतःच्या मेलवर ठेवा. मित्राकडून एक कागद पण लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं चित्र काढणारा साधारणपणे पहिला मालक असतो, तुमच्याकडे नोकरीला नसेल तर, आणि हक्क तोंडी देता येत नाहीत, लेखी सही लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा. मैत्रीत कसला कागद असं वाटेल, पण मैत्री चांगली आहे तेव्हाच तो सहज होतो. माझ्या एका कामात मी हे टाळलं आणि चार वर्षांनी तेच चित्र दुसऱ्याच्या पाटीवर बघितलं, अजून वाईट वाटतं.

छापलेले बॉक्स, बिलबुकं संपू द्या. वॉटरमार्क आणि डीपी मात्र एकाच दिवशी बदला.


प्रश्न : मी मातीची भांडी करते, कॉफीचे मग, वाट्या, बरण्या. प्रत्येकाच्या तळाला माझा शिक्का असतो, माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि सासरच्या आडनावाचं, चौकोनात. सहा वर्षं झाली. यंदा घटस्फोट झाला. लोक हातातला मग उलटा करून शिक्का बघतात, त्यावरूनच मला ओळखतात, म्हणून बदलायची भीती वाटते, आणि रोज तो दाबताना हात थांबतो.
– नाव नको, पुणे

उत्तर : बदल गं. वरच्या दादांना मी नको म्हटलं आणि तुला हो म्हणतेय कारण त्यांचा लोगो नीट दिसत नाही एवढीच तक्रार आहे, तुझा शिक्का आता खरं सांगत नाही. रोज हात थांबतो म्हणतेस, त्याहून वेगळं कारण शोधायची गरज नाही.

चौकोन तसाच ठेव, तुझं अक्षर त्याच कोपऱ्यात त्याच वळणाचं ठेव, दुसऱ्या अक्षराची जागा रिकामी सोडलीस तरी चालेल, मला तर ती रिकामीच जास्त आवडेल. उलटा करून बघणाऱ्याला तू लगेच सापडशील. जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सिलेनवर १७२० च्या दशकापासून दोन तलवारींची फुली आहे, तिच्या बारीकसारीक फरकांवरून जाणकार लोक भांडं कुठल्या काळातलं ते सांगतात. तुझ्याही जुन्या शिक्क्यावरून पुढे कळेल की हा मग पहिल्या सहा वर्षांतला. विकलेली भांडी परत मागवू नकोस, शिक्के घासू नकोस. आपल्या आयांच्या तांब्या-पातेल्यांवर माहेरचं नाव टोचलेलं असतं, सासरी येऊन चाळीस वर्षं झाली तरी ते तसंच असतं आणि त्यात दूध तापतच असतं.

नवा शिक्का करवून घेताना माती वाळताना आणि भट्टीत आक्रसते ते धरायला विसरू नकोस, स्टोनवेअर (जास्त तापावर भाजलेली कठीण माती) असेल तर साधारण दहा-बारा टक्के आक्रसतं, आणि अक्षराची खाच जरा खोल ठेव, नाहीतर ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) भरून अक्षर बुजतं. आधी दोन-तीन टाइल्सवर दाबून भाजून बघ, मग ऑर्डर दे.