डिकीतला बेस: सबवूफरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी हॅचबॅक आहे. एका दुकानात बारा इंची, '१४०० वॅट'चा सबवूफर तयार बॉक्ससकट मिळतोय. दुसऱ्या दुकानात तेवढ्याच पैशात दहा इंची, '३०० वॅट आरएमएस' लिहिलेला आहे. ढोल-ताशा, लावणी, कधी नाट्यगीतं असं सगळं ऐकतो. कोणता घेऊ? (हडपसर)

उत्तर: दहा इंची घ्या. १४०० हा आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल झटक्याचा असतो. कॉइल (सबवूफरमधलं तारेचं वेटोळं) न जळता सतत किती ताकद पेलेल हे आरएमएस सांगतं. ज्या डब्यावर आरएमएस छापलेलंच नाही, तो परत फडताळात ठेवलेला बरा. शिवाय ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून वॅटच्या आकड्यांमागे धावून फारसं काही हाती लागत नाही. दोन सबवूफरमध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत निघणारा आवाज, ८४ आणि ८८ डेसिबल अशी असेल, तर दुसरा निम्म्याहून कमी ताकदीत पहिल्याइतका वाजेल.

खरा फरक बॉक्स करतो. तुमच्या आवडीला सील्ड, म्हणजे पूर्ण बंद बॉक्स योग्य. त्यात सबवूफरच्या पडद्यामागची कोंडलेली हवा पडद्याला आवरते, त्यामुळे ढोलाचा टोला पडतो आणि थांबतो, मागे घुमत राहत नाही. सील्ड बॉक्सचा आवाज खालच्या सुरांकडे हळूहळू उतरत जातो. पण गाडीची बंद, छोटी केबिन साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली बेस आपणहून उचलते. दोन्ही बरंचसं एकमेकांना भरून काढतात. घरात पोकळ वाटणारा सील्ड बॉक्स गाडीत खोल वाजतो तो यामुळेच.

पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेला बॉक्स तेवढ्याच ताकदीत जास्त दणका देतो, पण तो ज्या सुरावर ट्यून केलाय त्याच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि हिपहॉप ऐकणाऱ्यांनी ३२ ते ३५ हर्ट्झला ट्यून केलेला घ्यावा. तयार बेस ट्यूबपैकी (नळकांड्याच्या आकाराचे सबवूफर) बऱ्याच त्याहून बऱ्याच वर ट्यून केलेल्या असतात, म्हणून त्यांतून प्रत्येक गाण्यात एकच 'भूं' ऐकू येतो.

दहा इंचाला सील्ड बॉक्सचं आतलं माप साधारण १७ ते २१ लिटर (०.६ ते ०.७५ घनफूट), बारा इंचाला २८ ते ३५ लिटर. सबवूफरच्या माहितीपत्रकात वेगळं माप दिलं असेल तर तेच पाळा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. लाकूड १८ मिलिमीटरचं. एमडीएफ आवाजाला उत्तम, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीतच जातात; कडा पाणी पितात, फुगतात, सांधे सुटतात. कडांना सीलर लावून घ्या किंवा सरळ वॉटरप्रूफ प्लायचा बॉक्स करा. बॉक्स तयार झाल्यावर पडदा बोटांनी अलगद, सगळीकडून सारखा दाबून सोडा. तो सावकाश जागेवर आला तर बॉक्स हवाबंद आहे. पटकन उसळला तर कुठेतरी गळतोय. हॅचबॅकमध्ये पडद्याचं तोंड एकदा मागच्या दाराकडे आणि एकदा सीटकडे करून, दोन्ही दिशा वाजवून बघा. आणि बॉक्स पट्ट्यांनी जमिनीला बांधाच. जोरात ब्रेक लागला की पंधरा-वीस किलोचं ते धूड मागच्या सीटवर येतं.

प्रश्न: सेडानमध्ये बारा इंची सबवूफर (४०० वॅट आरएमएस, चार-चार ओहमच्या दोन कॉइल) आणि मोनो अँप (एका चॅनलचा अँप्लिफायर, दोन ओहमला ५०० वॅट) बसवलाय. आवाज भरपूर आहे, पण गढूळ. गेन आणि बेस बूस्ट दोन्ही पूर्ण वर आहेत. वीसेक मिनिटांनी जळका वास येतो. (कोथरूड)

उत्तर: वास कॉइलवरच्या लाखेचा आणि डिंकाचा आहे. आधी दोन्ही नॉब खाली आणा, मग पुढे वाचा.

गेन म्हणजे आवाजाचा नॉब नव्हे. स्टिरिओतून येणाऱ्या सिग्नलला अँपने कुठे पूर्ण ताकद द्यायची, एवढंच तो ठरवतो. तो गरजेपेक्षा वर गेला की अँपची ताकद संपते आणि लहरीचे माथे सपाट कापले जातात. कापलेल्या लहरीत सरासरी ताकद वाढते: ५०० वॅटचा अँप पुरता कापला गेला तर हजाराच्या आसपासही जाऊ शकतो. तुमची कॉइल ४०० ची. गढूळपणा आणि वास, दोन्हींचं मूळ एकच. बेस बूस्टचं गणित तर आणखी वाईट आहे. १२ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुरावर सोळापट ताकदीची मागणी. तेवढी अँपकडे नाहीच. हा नॉब शून्यावर ठेवून त्याच्यावर चिकटपट्टी लावली तरी चालेल.

आता गेन नीट लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर हवा. पुण्यातल्या तापकीर गल्लीत शिरलात तर हव्या त्या किमतीचा मिळेल. सोबत ५० हर्ट्झचा, ० डेसिबलचा (फाइलमधली कमाल पातळी) साइन टोन डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून पेनड्राइव्हवर घ्या. ब्लूटूथवरून वाजवू नका, त्यात फोनचा आवाज वेगळाच घोळ घालतो.

गाडी मोकळ्या जागी सुरू ठेवा, तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. स्टिरिओचे बेस-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद, सबवूफर लेव्हल शून्यावर. सबवूफरच्या वायरी अँपमधून काढा. गेन तळाला, लो-पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) पूर्ण उघडा, सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) तळाला किंवा बंद. स्टिरिओचा आवाज पाऊण पट्टीवर न्या, म्हणजे ४० पैकी ३० च्या आसपास. त्याहून वर बऱ्याच स्टिरिओंचा स्वतःचाच सिग्नल फाटू लागतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलांना लावा, टोन सुरू करा आणि गेन हळूहळू वाढवा.

किती व्होल्टला थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. तुमच्या दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या असतील तर दोन ओहम, आणि सबवूफर ४०० चा. म्हणून ८०० चं वर्गमूळ, २८.३ व्होल्ट. अँप ५०० चा असला तरी इथेच थांबा. टोन बंद, आवाज खाली, आणि मगच वायरी परत जोडा. जुनी, हळू रेकॉर्ड झालेली गाणीच जास्त ऐकत असाल तर उणे ५ डेसिबलचा टोन वापरून हेच करता येतं. मात्र नवी, ठासून भरलेली गाणी मग वरच्या आवाजात थोडी कापली जातील.

यानंतर लो-पास ८० हर्ट्झवर आणि दारातल्या स्पीकरांना हाय-पास (खालचे सूर अडवणारा) ८० वरच. लो-पास १२० ला नेला तर पुरुष निवेदकाचा आवाज डिकीतून यायला लागतो. दारातल्या स्पीकरांचं खालचं ओझं काढलं की तेही स्वच्छ वाजतात; गढूळपणाचा निम्मा दोष बऱ्याचदा त्यांचाच असतो आणि शिव्या सबवूफर खातो. बॉक्स पोर्टेड असेल तर सबसॉनिक फिल्टर ट्यूनिंगच्या पाच-सहा हर्ट्झ खाली लावा, ३२ च्या बॉक्सला २६-२७ वर. ट्यूनिंगच्या खाली बॉक्स पडद्याला धरत नाही. तो मोकाट हलतो आणि कॉइल मागे आपटते.

शेवटी फेज, म्हणजे सबवूफर आणि दारातले स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे हलतात की उलट. ८० हर्ट्झचा टोन लावून चालकाच्या सीटवर बसा आणि कुणाला तरी फेजचं बटण ० आणि १८० असं बदलायला सांगा. जिथे बेस भरीव वाटेल ते ठेवा. सेडानमध्ये मागची सीट वाट अडवते. मधल्या आर्मरेस्टमागे झडप असेल तर ती उघडून ऐकून बघा.

कॉइलची मोजणीही करा, वायरी सुट्या करून. चार ओहमची चांगली कॉइल मल्टिमीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवते. खूप कमी दाखवली, किंवा पडदा हाताने हलवताना खरखर लागली, तर वरचे सगळे उपाय उशिरा झालेत.

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर गाडी अडकली, एसी सुरू आहे, आणि प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. दुकानदार एक फॅराडचा कपॅसिटर सुचवतोय. (धायरी)

उत्तर: नको. एक फॅराडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येताना २६ जूल देतो. तुमचा अँप सहाशे वॅट ओढत असेल तर ही ऊर्जा सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत संपते, आणि पुढच्या ठोक्याआधी तो कपॅसिटर पुन्हा त्याच अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरणारा वीज जनित्र) भरून घ्यायचा असतो.

ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असतं, तेव्हा अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही, आणि एसीचा पंखा, ब्लोअर, दिवे यांत त्यातला बराच जातो. ५०० वॅटचा क्लास-डी अँप पूर्ण ताकदीत ४५ अँपिअरपर्यंत मागतो. म्हणून आधी मोजा. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. जोरात बेस वाजत असताना एकदा बॅटरीवर आणि एकदा अँपच्या टर्मिनलवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष केबलचा किंवा अर्थिंगचा. एवढ्या अँपला ४ गेजची शुद्ध तांब्याची केबल लागते. तिची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. तशी केबल एक पायरी जाड घ्यावी लागते. फ्यूज ५० किंवा ६० अँपिअरचा, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो अँपजवळ लावला असेल तर मधली केबल पत्र्याला घासल्यावर आग थांबवायला काहीच उरत नाही.

दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज पडत असेल तर अल्टरनेटरपासून बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन केबल जाड करून घ्या. त्यानेही नाही भागलं तर गाडीला झेपेल तेवढाच आवाज ठेवा.

प्रश्न: चार-चार ओहमच्या दोन कॉइलवाले दोन सबवूफर एकाच अँपवर लावले. आवाज वाढवला की लाल दिवा लागून अँप बंद पडतो. (चिंचवड)

उत्तर: चारही कॉइल पॅरलल जोडल्या गेल्यात, तो एक ओहम झाला. अँपची किमान मर्यादा दोन असेल तर तो स्वतःला वाचवतोय. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल सीरिजमध्ये (आठ) आणि मग दोन्ही सबवूफर पॅरलल जोडा, चार ओहम होतील. ताकद दोन ओहमच्या साधारण निम्मी मिळेल. या जोडीतून दोन ओहम कोणत्याही जोडणीने निघत नाहीत. त्यासाठी दोन-दोन ओहमच्या कॉइलवाले घ्यायला हवे होते.

प्रश्न: नव्या गाडीत कंपनीचा टचस्क्रीन आहे, आरसीए आउटपुट (अँपला सिग्नल देणारं सॉकेट) नाही. वॉरंटी घालवायची नाही. शिवाय सीएनजीची टाकी असल्याने डिकीत जागाही नाही. (वारजे)

उत्तर: सीटखालचा आठ इंची, अँप आतच असलेला सबवूफर घ्या, हाय-लेव्हल इनपुटवाला, म्हणजे स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारा. सिग्नल मागच्या दाराच्या स्पीकरांच्या वायरीतून घ्यायचा, पण वायर न कापता: तुमच्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो, तोच मागा आणि बिलावर लिहून घ्या. घेण्याआधी सीट पूर्ण खाली करून पट्टीने जागा मोजा, बऱ्याच युनिटांना सात-आठ सेंटिमीटर उंची लागते. एसीचा मागे जाणारा डक्ट कुठून जातो तेही पाहा. सीएनजीची टाकी, तिचा पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्या आसपास ड्रिल अजिबात चालवू देऊ नका; गाडीच्या खालून पाइप कुठून गेलाय हे बघितल्याशिवाय फ्लोअरला भोकही नको.

बरेच कंपनी स्टिरिओ आवाज वाढवला की स्वतःहून बेस कमी करतात, दारातले छोटे स्पीकर वाचवायला. म्हणून गेन लावताना नेहमीच्या ऐकण्याच्या आवाजावरच लावा. खूप वरच्या आवाजात बेस गायब झाला तर दोष सबवूफरचा नाही. त्यावर बेस भरून काढणारा प्रोसेसरच लागतो. ढोलाची छातीवर येणारी थाप याच्याकडून मागू नका. गाण्याचा तळ मात्र भरतो.

प्रश्न: चार चॅनलचा अँप लावल्यापासून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. (कोंढवा)

उत्तर: अँपवरून आरसीए केबल काढा. शिट्टी थांबली तर ती स्टिरिओकडून किंवा केबलमधून येतेय: आरसीए गाडीच्या एका बाजूने, पॉवर केबल दुसऱ्या बाजूने न्या. थांबली नाही तर अर्थिंग बघा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, पॉवर केबलइतक्याच जाडीची, ४५ सेंटिमीटरपेक्षा आखूड केबल हवी. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी उघडू नका. गेन जास्त असेल तर तोही ही शिट्टी मोठी करतो.

प्रश्न: बेस चांगला आहे, पण डिकीचं झाकण खडखडतं. (बिबवेवाडी)

उत्तर: २० ते ८० हर्ट्झचा सावकाश चढणारा टोन लावा, कुणाला तरी आत बसवा आणि स्वतः बाहेरून एकेक भाग हाताने दाबत फिरा. नंबर प्लेटपासून सुरुवात करा, बहुतेक वेळा तीच सापडते: मागे फोमची पट्टी चिकटवा. मग पार्सल ट्रे, झाकणाच्या आतलं प्लास्टिक, त्यातल्या सैल वायरी. पत्र्याला ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीट लावताना सगळा पत्रा झाकायची गरज नसते, पाव ते निम्मा भाग पुरतो. पण रोलरने घट्ट दाबून बसवा. डांबराच्या स्वस्त शीट मात्र घेऊ नका, एप्रिल-मेच्या उन्हात त्या वितळून वास मारतात.