अर्जाआधी वही भर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. सड्यावरची, म्हणजे त्या उघड्या कातळपठारावर कोरलेली, ती चार खोदचित्रं आधी तू पाहिलीस की त्या दुसऱ्या गटाने, पुरस्काराच्या अर्जातल्या 'शोधकर्ता' या रकान्यात कुणाचं नाव यावं, आणि त्यांचा अर्ज तुझ्याआधी पोचला तर काय, यावर तू दोन पानं भरली आहेस. चित्रं केवढी आहेत, कुठल्या गट नंबरात आहेत, प्राण्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, यावर एक ओळ नाही. माझा जीव तिथे कासावीस झाला.

अगं, तुला तिथवर नेलं कुणी? गुराख्याने. त्या कातळावर पांडवांनी एका रात्रीत काहीतरी कोरलंय, हे त्याच्या आजोबांनाही ठाऊक होतं. मग शोध तुझा कसा आणि त्या गटाचा तरी कसा? आपण नोंद करणारी माणसं. नोंद केली नाही तर आपण सड्यावर फिरायला गेलेले पाहुणे.

दायमाबादचं उदाहरण तुला वर्गात सांगितलं होतं, पण तेव्हा तू तो रथ बघण्यातच गुंग होतीस. 1974 साली प्रवरेकाठच्या त्या गावात छबू लक्ष्मण भिल नावाचा माणूस झाडाचं मूळ खणत होता. त्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ, असं साठ किलोंहून जास्त वजनाचं धातुकाम सापडलं. रथ आज दिल्लीला आहे, बाकीचे तीन मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात. पुढे पुरातत्त्वज्ञ साळींनी तिथे मोठं उत्खनन केलं, थरावर थर उलगडले. पण ते चार तुकडे नेमके कोणत्या थरातले, म्हणजे कोणत्या काळातले, हे खात्रीने कोण सांगणार? कुणी म्हणालं हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातले, कुणी धातूतल्या आर्सेनिकवर बोट ठेवून शंका काढली. वाद अजून मिटलेला नाही. यात त्या बिचाऱ्या माणसाचा काडीचा दोष नाही. तो मूळ काढत होता, त्याला थर कुणी शिकवले होते? तुला मात्र शिकवले आहेत. मी शिकवले आहेत.

आता माझं ऐक. हे मी फार कमी लोकांना सांगितलं आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला एका शेताच्या बांधावर वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, मिळाला. काय सुंदर दगड होता! खाली गाईंचा कळप आणि झुंज, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेतकरी तो फोडून विहिरीच्या कठड्याला लावणार होता. मी त्याची समजूत घातली, दगड बैलगाडीत घातला आणि जिल्ह्याच्या एका संस्थेत नेऊन दिला. पुढच्याच वर्षी माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, पेपरात फोटो आला. दगडाखाली पाटी लागली: 'तालुक्यातील एका शेतातून'. बस्स, एवढंच.

दहा-बारा वर्षांनी एक संशोधक मुलगी घरी आली. दगडाचं तोंड कुठे होतं, शेजारी दुसरा दगड होता का, देवळाचं जोतं किती लांब होतं, जुनी वाट कुठून जात होती, असं एकेक विचारत गेली. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तोवर शेत सपाट झालं होतं, मालक वारला होता. कोणाच्या गाई राखताना तो वीर पडला, कुठल्या वाटेवर पडला, हे त्या दगडाला ठाऊक होतं. मी त्याला उचललं आणि मुका केला. न्यायला अर्धा दिवस लागला होता. टेप लावून कागदावर चार रेघा मारायला दहा मिनिटं पुरली असती.

दगड वाचला, हे मी आजही म्हणतो. वाचलाच. पण जागा गेली.

म्हणून सांगतो, नोंद आधी. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा इंग्रजांनी केला तो खजिन्यावर डोळा ठेवून. पण जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवताना काय सापडलं याबरोबर जागा आणि तारीखही द्यायला त्याने सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला जे कळत होतं ते आपल्याला कळू नये?

पुरस्कारांवर माझा राग आहे असं समजू नकोस. युरोपातल्या पुरातत्त्वज्ञांची संघटना 1999 पासून वारसा जपणाऱ्यांना एक पुरस्कार देते. 2001 साली तो ओटो ब्राश या जर्मन वैमानिकाला मिळाला. विमानातून शेतांचे फोटो काढणं, हे त्याचं काम. पिकांच्या रंगातल्या फरकावरून खालच्या भिंती आणि खंदक ओळखायचे आणि टिपून ठेवायचे. म्हणजे नोंदच की! आपल्याकडे युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक पुरस्कार गाजतात. 2022 मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला त्यातला सर्वोच्च मिळाला. पण ते दुरुस्त केलेल्या वास्तूंचे. आपल्या सड्यावर ना भिंत, ना कळस. रत्नागिरीतल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेल्या त्या प्रचंड हत्तीच्या पोटात मासे कोरले आहेत, तोही पायाखालून निघून जातो आणि माणसाला कळत नाही. अशा ठिकाणी वही हेच संवर्धन आहे.

वीरगळानंतर मला दोन-तीनदा सन्मान देऊ केले. मी घेतले नाहीत. लोक हेकट म्हणाले. म्हणोत. फक्त एक सल आहे. ग्रामपंचायतीत चिरेखाण थांबवा म्हणून गेलो की पहिला प्रश्न यायचा, 'तुम्ही कोण?' तेव्हा हातात एखादं मानपत्र असतं तर खुर्ची तरी मिळाली असती. पण शालीच्या घडीत जागा हरवलेला मी, पुन्हा शाल कुठल्या तोंडाने घेऊ? मला ते जमलं नाही, आणि त्याचा पश्चात्तापही नाही. तू मात्र अर्ज भर. गावाच्या नावाने भर. त्या दुसऱ्या गटाचंही नाव घाल. रागावलीस तरी घाल.

आधी वही मात्र. तू लिहिलंस की पलीकडच्या गट नंबरात जांभ्याचे चिरे कापायला मशीन येणार आहे. ही बातमी पत्राच्या शेवटी, ताजा कलममध्ये? तीच पहिली ओळ हवी होती! 2022 साली कोकणातल्या खोदचित्रांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण तुझी चार चित्रं कुठल्याच यादीत नाहीत. जांभा कापायला लागले की दुपारपर्यंत खेळ खलास. सातबारा काढ, तलाठ्याकडे लेखी दे, पोच घे, तीच प्रत पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरीच्या कार्यालयात दे. आणि फोटो उठून दिसावेत म्हणून रेषांत खडू किंवा रांगोळी भरलीस तर माझ्याशी बोलू नकोस.

शनिवारी रात्रीच मुक्कामाला ये. रविवारी उजाडताना सड्यावर असलं पाहिजे, ऊन तिरपं असतं तोवरच रेषा नीट उठतात. तीस मीटरचा टेप आणि होकायंत्र माझ्याकडे आहे, वही तू आण. त्या गुराख्याला निरोप दे. वहीत पहिलं नाव त्याचं लिहायचं आहे, पूर्ण नाव, आडनावासकट. ते त्यालाच विचारून लिहू.

तुझा,
सर