पाचारण, बँकेची परीक्षा आणि मागच्या गल्लीतली पासबुकं

"बाई, सलाम. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय 19. बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. आई शिवणकाम करते. आजी बायबल वुमन होती, म्हणजे बायकांना बायबल सांगणारी चर्चची सेविका; बार्शीकडच्या गावांतून पायी फिरायची. मे महिन्यात तरुण संघाच्या शिबिराला गेले होते. शेवटच्या रात्री प्रार्थनेत मला स्पष्ट जाणवलं की देव मला पूर्णवेळ सेवेसाठी बोलावतो आहे. मी सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष दिली. आता कॉलेज सोडून बायबल कॉलेजला जायचं आहे. बाबा म्हणतात, आधी पदवी घे, बँकेची परीक्षा दे. मी म्हणते, दोन धन्यांची चाकरी कशी करू? घरात रोज वाद होतात. रविवारी दुपारी मागच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायकांची पासबुकं आणि पीएफचे कागद बघून देते, तेवढाच वेळ बरं वाटतं. देवाची इच्छा नेमकी ओळखायची कशी? नाव छापू नका."
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

प्रिय मुली, सलाम.

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्यातला गाभा तेवढा घेतला. ते मी दोनदा वाचलं. साडेतीन पानं शिबिरातल्या त्या रात्रीवर आहेत आणि तिथे सगळे मोठे शब्द आहेत: समर्पण, अग्नी, संपूर्ण जीवन. मग मध्येच अर्धं पान विडीवाल्या मावशींवर येतं आणि तुझं अक्षरच बदलतं. एका मावशींचं नाव पीएफच्या कागदावर एक, आधारवर दुसरं. तू तीनदा खेटे घातलेस, अर्ज दोनदा परत आला. हजार विड्यांमागे किती मजुरी मिळते, त्यातून किती कापले जातात, हे तू आकड्यांनिशी लिहिलं आहेस. तेलुगू येत नव्हती, ती त्यांच्याकडूनच शिकलीस. आणि शेवटी लिहिलंस, "हे तर काही खास नाही." त्या वाक्याशी मी थांबले. ते तुला खास का वाटत नाही, याचा विचार कर. तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

आधी त्या रात्रीबद्दल. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. मीही अकरावीत असताना अशाच एका शिबिरात उभी राहिले होते. मिशन दवाखान्यात परिचारिका होईन, असं सगळ्यांसमोर बोलून बसले. रक्त पाहिलं की मला घेरी येते, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले. ते कळल्यावर एका वडीलधाऱ्या उपदेशकांनी मला भर मंडळीत ऐकवलं की नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. अकरा वर्षं मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत होते. ते ओझं देवानं दिलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. तुझ्यावर ते कोणी टाकू नये म्हणून एवढं सांगितलं.

आपल्या मराठी बायबलात देवाच्या बोलावण्याला 'पाचारण' असा सुरेख शब्द आहे. पाचारण म्हटलं की बायबलमधला लहानगा शमुवेल आठवतो. रात्री हाक आली आणि पोर उठून थेट एलीकडे धावलं, एकदा नाही, तीनदा. हाक देवाची आहे हे त्याला कळलंच नाही. कळलं ते एलीला, आणि एली कोण? डोळ्यांनी जवळजवळ आंधळा, स्वतःची मुलंही हाताबाहेर गेलेली, असा थकलेला याजक. तरी ओळखलं त्यानंच. त्या रात्री हाक ऐकायला एक कान होता आणि ओळखायला दुसरा. तुझ्याकडे हा दुसरा कान कोणाचा आहे? शिबिरातले वक्ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. ते तुला ओळखत नाहीत. तुझ्या चर्चचे पाळक ओळखतात, संडे स्कूलच्या बाई ओळखतात, आजी ओळखते. आणि तुला आवडो न आवडो, बाबाही ओळखतात.

बाबांविषयी तू जरा कठोर लिहिलं आहेस. 'त्यांना फक्त पैसा दिसतो' वगैरे. मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला पगाराच्या वाराचा हिशेब दिसतो, यात नवल काय? जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या. या शहरानं एकेक भोंगा बंद होताना ऐकला आहे. ज्यांच्या घरात त्यातला एखादा भोंगा कायमचा थांबला, ती माणसं बँकेची नोकरी म्हणतात तेव्हा त्यांना लोभ सुटलेला नसतो, त्यांना तो भोंगा आठवत असतो.

'दोन धन्यांची चाकरी' या वचनातला दुसरा धनी म्हणजे धन. बँकेची परीक्षा किंवा पगारपत्रक हा तो धनी नव्हे. तसं असतं तर प्रेषित पौलाची पंचाईत झाली असती. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला, कारण दोघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. दिवसा कातडं-कापड शिवायचं, शब्बाथाला सभास्थानात बोलायचं. आपला भार कोणावर पडू दिला नाही, हे तो पत्रांतून पुन्हा पुन्हा अभिमानानं सांगतो. फिलिप्पैतली लुदिया तर जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण, आणि तिथली मंडळी तिच्याच घरात जमू लागली. चादरी-टॉवेलांच्या गावातल्या आपल्या लोकांना हे उलगडून सांगावं लागू नये, तरी सांगावं लागतं. जर्मन भाषेत धंद्याला 'बेरूफ' म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात 'हाक' आहे. 16व्या शतकात मार्टिन लूथरनं हा अर्थ रुळवला. मठातल्या संन्याशालाच हाक येते आणि गाई राखणाऱ्या बाईला येत नाही, हे त्याला मान्य नव्हतं.

आता जवळचं उदाहरण. सोलापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तू ऐकून असशील, पण त्या तिथवर कशा पोचल्या हे शिबिरात सहसा सांगत नाहीत. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. डॉक्टर व्हायचं असं ठरवून. पण ऐकू कमी येऊ लागलं आणि तो रस्ता बंद झाला. बाप्तिस्मा त्याच वर्षीचा. म्हणजे श्रद्धा मिळाली आणि ठरवलेलं करिअर गेलं, दोन्ही जवळजवळ एकदमच! मग त्यांनी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं, अमेरिकेत फिरून मदत गोळा केली, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, त्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न आला आणि केडगावचं काम उभं राहिलं. इंग्लंडला जाणाऱ्या बोटीपासून त्या मुलींपर्यंत तेरा वर्षं. रमाबाईंना 1883 साली कोणी विचारलं असतं की देवाची योजना काय आहे, तर काय सांगितलं असतं त्यांनी? आणि मधल्या काळात शिकलेलं वाया गेलं नाही. हिशेब, पत्रव्यवहार, देणगीदारांना पटवणं, सगळं केडगावात कामी आलं.

(हाक फक्त आपल्या ख्रिस्ती लोकांनाच येते असाही समज नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच सोलापूरचे, जन्म 1910. 1938 साली चीनला जखमींवर उपचार करायला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले.)

तर करायचं काय? बी.कॉम. सोडू नकोस, हे मी ठामपणे सांगते, आणि तेही बायबल कॉलेजच्याच बाजूनं. सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे बंगालमधल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यापीठाची, बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी बारावीनंतर पाच वर्षांची आहे, पदवीधरांना चार वर्षांची. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी या सिनेटशी संलग्न आहे. कुठेही अर्ज करण्याआधी 'संलग्नता कोणाची?' हे तोंडावर विचार. दोन वर्षांचा कोर्स करून आलेली, पण ज्यांचं प्रमाणपत्र कोणी हातात धरत नाही अशी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना काय सांगावं हे मला सुचत नाही. तोवर तहान भागत नसेल तर सेरामपूरचे बहिस्थ अभ्यासक्रमही आहेत, ते कॉलेज सांभाळून करता येतात. आणि हेही ऐकून ठेव: चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, पण पुष्कळ मंडळ्यांत अजून 'पाळकीणबाई' म्हणजे पाळकांची बायकोच. पगार थोडा, बदल्या फार. त्या वाटेनं जायचं तर हे माहीत असून जा.

दुसरी वाट तुझ्या त्या अर्ध्या पानातून निघते. तुळजापूर इथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. तिथे टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे आणि ग्रामीण भागातलं काम हाच तिथला विषय. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि बी.कॉम. झालेली, कागद वाचता येणारी, तेलुगू बोलणारी मुलगी तिथे वेगळी उठून दिसेल. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती संघटनेच्या जोरावर. पण अर्ज, शिधापत्रिका, नावांची जुळवाजुळव हे किचकट काम कोणीतरी बसून केल्याशिवाय एका बाईच्याही हातात किल्ली पडत नाही.

आणि बँक. लिपिकाच्या परीक्षेला पदवी लागते, वय 20 ते 28. म्हणजे तुला आज बसताही येत नाही. ज्या परीक्षेला अजून बसता येत नाही तिच्यावरून तुम्ही बापलेक रोज भांडता आहात! वेळ आली तर एवढंच बघ: नाव न जुळणारी मावशी खिडकीशी येते, तेव्हा काचेपलीकडे कोण बसलेलं तिला हवं असतं?

या तिन्हींतलं मी तुझ्यासाठी निवडणार नाही. एक वर्ष घे. रविवारची ती दुपार मोडू नकोस, उलट ठरावीक वेळ लाव आणि एक वही ठेव: कोण आलं, काय अडलं, सुटलं का. एक पथ्य मात्र पाळ. पासबुक बघून देताना हातात धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नकोस. मावशींनी आपण होऊन तुझ्या देवाबद्दल विचारलं तर मोकळेपणानं सांग, पण मदतीच्या बदल्यात ऐकून घेणं त्यांच्या पदरी बांधू नकोस. वर्षानंतर ती वही पाळकांसमोर आणि बाबांसमोर ठेव. तोवर त्या रात्रीची ओढ टिकून असेल, वाढली असेल, तर सेमिनरीचा अर्ज मी स्वतः बसून भरून देईन.

तोपर्यंत एक काम आहे. आजीजवळ निवांत बस आणि तिला विचार, बायबल वुमन असताना महिन्याला हातात किती पडायचं, कोण द्यायचं, आणि ज्या महिन्यात आलं नाही त्या महिन्यात चूल कशी पेटली. वारसा वारसा म्हणून सगळे तिचं नाव घेतात, पण हे तिला कोणी विचारलेलं दिसत नाही. ती जे सांगेल ते बाबांनाही शेजारी बसवून ऐक, आणि मला कळव.