अटलांटातल्या ब्लॅक-ओन्ड, म्हणजे काळ्या मालकांच्या, हॉटेलांना सपोर्ट करायचाय, पण घरी निम्मे शाकाहारी. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की अल्फारेटाला राहता, आजूबाजूला असं काही दिसत नाही, बायको आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी, आणि तिथे जाऊन त्यांनी नुसता कोक पीत बसायचं का. शेवटी हेही विचारलंय की त्यापेक्षा एखाद्या संस्थेला देणगी देऊन मोकळं व्हावं का. देणगी द्या, चांगलीच गोष्ट आहे, पण तो वेगळा विषय झाला. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक लागतं, आणि तेही परत परत येणारं. २०२० च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइडला पोलिसांनी मारल्यानंतर, इथल्या ब्लॅक हॉटेलांबाहेर रांगा लागल्या होत्या, याद्या फिरत होत्या, लोक फोटो टाकत होते, आणि आता दर वर्षी फेब्रुवारीत (ब्लॅक हिस्टरी मंथ) आणि जूनटीन्थला (१९ जून, गुलामी संपल्याचा दिवस) थोडी तशी गर्दी होते. सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी कोण जातं ते महत्त्वाचं, भाडं त्या महिन्यातही भरावंच लागतं ना.

सासूबाईंना सगळ्यात आधी इथिओपियन हॉटेलात न्या. तुम्ही डिकेटरला पटेल प्लाझाला किराणा आणायला येतच असाल, तिथून क्लार्कस्टन अगदी जवळ आहे, आणि तो सगळा पट्टा, तसाच ब्रायरक्लिफ रोडचा भाग, इथिओपियन आणि एरिट्रियन हॉटेलांनी भरलेला आहे. इथिओपियन ऑर्थोडॉक्स लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात, शिवाय ईस्टरच्या आधीचा लांबलचक उपास वेगळा, आणि त्यांच्या उपासाला मांस, दूध, लोणी, अंडं काहीच चालत नाही. त्यामुळे उपासाचं ताट हा तिथल्या स्वयंपाकाचा पूर्ण वेगळा भाग आहे, कुणा शाकाहाऱ्याची सोय म्हणून कोपऱ्यात घुसवलेला पदार्थ नव्हे. मेन्यूवर 'व्हेजी कॉम्बो' लिहिलेलं असतं, पण 'यत्सोम बेयायनेतु' म्हणून मागितलंत तर वाढणाऱ्या माणसाचा चेहरा बघा. मोठ्या गोल ताटात इंजेरा पसरलेली असते, टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून केलेली, एका बाजूने जाळीदार, चवीला आंबट. तिच्यावर मसूर, पिवळी डाळ, कोबी-गाजर-बटाटा, पालेभाजी आणि शिरो असे ढीग. चमचा येत नाही, मागूही नका. उजव्या हाताने इंजेरा तोडायची आणि भाजी उचलायची, आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

शिरो म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठात बेरबेरे मसाला घालून शिजवलेलं, आणि माझ्या आईने पहिल्याच घासाला "अगं हे पिठलंच की, लसूण जरा जास्त पडलाय" असा निकाल देऊन टाकला. आई औरंगाबादची. वाढणारा माणूस अदिस अबाबाचा आहे कळल्यावर तिने त्याला थांबवून हिंदी-इंग्रजीत मलिक अंबरची गोष्ट ऐकवली, की आमचं शहर तुमच्याकडच्या माणसाने वसवलं, तेव्हा त्याचं नाव खडकी होतं, आणि नहर काढून पाणीसुद्धा त्यानेच आणलं. त्या बिचाऱ्याला हे काहीच माहीत नव्हतं, पण तो शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून आला आणि मग त्यातल्या एका काकूंनी इंजेराचा एक घास गुंडाळून सरळ आईच्या तोंडात भरवला. याला ते गुर्शा म्हणतात, मान द्यायची पद्धत आहे, मागे सरायचं नाही. वेळ असेल तर कॉफीपण घ्या, हिरव्या बिया तिथेच भाजतात, धूर टेबलापर्यंत आणून दाखवतात, आणि तीन फेऱ्या होतात, त्यामुळे घाईत असाल तर नको.

आणि घरात कुणी "हे आफ्रिकन लोकांचं जेवण आपल्याला झेपेल का" असं म्हटलं तर सांगा की ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही मूळची आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, चवळीही तिकडचीच. भाकरी खाणाऱ्याने या बाबतीत फार नाक मुरडू नये.

पश्चिम आफ्रिकन हॉटेलात, म्हणजे नायजेरियन किंवा घानाच्या, शाकाहाऱ्याने जरा सावध राहायचं. जोलोफ राईस नुसता टोमॅटो-मिरचीचा भात दिसतो, पण त्यात चिकन स्टॉक किंवा त्या मॅगीच्या क्यूब पडलेल्या असू शकतात, आणि नायजेरियन भाज्यांमध्ये सुकट कुटून घालतात, जी दिसत नाही पण असते. घानाचा वाक्ये (चवळी घातलेला भात) आणि रेड-रेड (पाम तेलातली चवळी, सोबत तळलेली पिकी केळी) हे बरे, पण विचारून. विचारताना "इज इट व्हेजिटेरियन" एवढंच विचारलं तर कधीकधी "यस, नो मीट" असं उत्तर येतं आणि मासा मांसात धरलेला नसतो, म्हणून सरळ विचारा: मासे, सुकट, चिकन क्यूब यातलं काही आहे का. तुम्ही स्वतः मांस-मासे खाता असं लिहिलंय, तर तुमच्यासाठी एगुसी (कलिंगडासारख्या फळाच्या बिया वाटून केलेला रस्सा) आणि फुफू (शिजवून कुटलेल्या कंदांचा गोळा). फुफू चावत नाहीत, बोटांनी छोटा गोळा करून रश्शात बुडवून गिळायचा.

कॅरिबियन हॉटेलं मेमोरियल ड्राइव्ह, स्टोन माउंटन, लिथोनिया या बाजूला जास्त. जमैकन ठिकाणी राजमा आणि नारळाच्या दुधातला भात (त्याला ते 'राईस अँड पीज' म्हणतात), वाफवलेला कोबी, पिकी केळी एवढं बहुतेक ठिकाणी शाकाहाऱ्याचं होऊन जातं, आणि रास्ताफारी (जमैकातला एक धर्मपंथ) पद्धतीचं 'आयटल' जेवण कुठे मिळालं तर सोनंच, त्यात मांस नसतं आणि बऱ्याचदा मीठही घालत नाहीत. ऑक्सटेल म्हणजे बीफ, ते मागवायच्या आधी माहीत असलेलं बरं. त्रिनिदादचं डबल्स मात्र चुकवू नका, हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना 'बारा' म्हणतात), मध्ये छोले, चिंचेची चटणी आणि स्कॉच बॉनेट मिरची. १८४५ पासून आपल्याकडून मजूर म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी तिकडेच तयार केलेलं हे खाणं आज तिकडे सगळेच खातात. मालक कधी आफ्रिकन वंशाचा असतो कधी भारतीय वंशाचा, कधी दोन्ही, तिथे वंशावळ विचारत बसू नका.

आता सदर्न, म्हणजे सोल फूड (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं पारंपरिक जेवण), ज्याच्यासाठी अटलांटा खरं ओळखलं जातं. इथे थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय ही हॉटेलं म्हणजे नुसतं फ्राईड चिकन वाटतं. पास्कल्स १९४७ मध्ये जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या दोन भावांनी हंटर स्ट्रीटवर (आता मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्ह) काढलं, ३० खुर्च्यांचं. सुरुवातीला तिथे चूलच नव्हती आणि दोघांकडे गाडी नव्हती, म्हणून रॉबर्टच्या घरी रांधून गरम जेवण टॅक्सीने दुकानात यायचं. पुढे ते मोठं झालं आणि साठच्या दशकात डॉ. किंग आणि त्यांचे सहकारी तिथे बसून नागरी हक्क चळवळीचे बेत आखायचे, निदर्शनांत पकडलेल्या पोरांचा जामीन पास्कल बंधू भरायचे, सुटून आलेल्यांना फुकट जेवू घालायचे, आणि आईबापांना रात्री उशिरा आपली मुलं घ्यायला येता यावं म्हणून हॉटेल उघडं ठेवायचे. हे लक्षात घ्या की तेव्हा शहरातल्या बहुतेक हॉटेलांत काळ्या लोकांना बसायलाही देत नव्हते. आज पास्कल्स कॅसलबेरी हिलला आहे. त्याच १९४७ मध्ये त्याच रस्त्यावर लूसी जॅक्सन या बाईंनी बिझी बी कॅफे सुरू केलं, ते अजून तिथेच, कॉलेजांच्या शेजारी आहे, आणि २०२२ मध्ये त्यांना जेम्स बियर्ड फाउंडेशनचं 'अमेरिकाज क्लासिक्स' हे हॉटेलांसाठीचं मानाचं पारितोषिक मिळालं. एजवूड अव्हेन्यूचं म्युनिसिपल मार्केट, ज्याला सगळे 'कर्ब मार्केट' म्हणतात, तेही बघून या. १९२४ ची इमारत आहे, गोऱ्यांनी आत खरेदी करायची आणि काळ्यांनी बाहेर फुटपाथच्या कडेला, त्यावरून ते नाव पडलं. आता आत खायचे स्टॉल आहेत.

सोल फूडमध्ये शाकाहाऱ्यासाठी गोची अशी की भाज्या भरपूर असतात, 'व्हेजिटेबल प्लेट' म्हणून चार भाज्या घेता येतात, आणि त्यातल्या निम्म्यांत मांस असतं. कॉलर्ड ग्रीन्स (एक पालेभाजी) तासन्‌तास शिजवतात त्यात डुकराचं हाड किंवा स्मोक्ड टर्की, फरसबीत तेच, कॉर्नब्रेडला कधी बेकनची चरबी, आणि तळलेली भेंडी चिकनच्याच तेलात. मॅक अँड चीज, कँडीड याम्स (साखरेत शिजवलेली रताळी) यावर सासूबाईंचं जेवण होईल, पण त्या तेल-भांड्याच्या बाबतीत फारच कडक असतील तर त्यांना वेस्ट एंडच्या सोल व्हेजला न्या, तिथे सगळंच व्हीगन आहे. आणि रविवारी दुपारी एक वाजता सोल फूडला जाऊ नका. चर्च सुटलेलं असतं, सगळा गाव तिथे असतो, आणि मग तास उभं राहून "सर्व्हिस स्लो" म्हणून दोन स्टार द्यायचे, हे आपल्या लोकांना फार आवडतं. मधल्या वारी जा.

पैशाचं सांगतो, कारण खरा सपोर्ट तिथे आहे. डिलिव्हरी ॲपवरून मागवलं तर हॉटेलाकडून १५ पासून ३० टक्क्यांपर्यंत कमिशन कापलं जातं, आणि या धंद्यात सगळा खर्च जाऊन मालकाच्या हातात शंभरातले चार-पाच डॉलर उरले तरी बरं चाललंय म्हणतात. तेव्हा फोन करा किंवा त्यांच्या स्वतःच्या साईटवरून ऑर्डर द्या आणि जाऊन घेऊन या. बसून जेवलात तर टिप नीट द्या, जॉर्जियात टिपवाल्या वेटरला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याने चालतं, बाकीचं तुमच्या टिपेवर, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. सरकारी मदतीचं म्हणाल तर २०२१ मध्ये हॉटेलांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा फंड आला, त्यात बायका, माजी सैनिक आणि वंचित समाजातल्या मालकांना आधी द्यायचं ठरलं, लगेच कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मंजुरीची पत्रं हातात आलेल्या जवळपास ३००० जणांना कळवलं की पैसे मिळणार नाहीत. अशा धंद्याला बँकही सहज उभं करत नाही. म्हणून म्हणतो की बांधलेलं गिऱ्हाईक व्हा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी तुमच्या हातात आहे: केटरिंग. तुम्ही एकटे महिन्यातून एकदा जेवलात तर साठ-सत्तर डॉलर. ऑफिसच्या टीम लंचला किंवा मंडळाच्या पिकनिकला ऐंशी माणसांची ऑर्डर दिलीत तर त्यांचा एक पडका आठवडा सावरतो, आणि आगाऊ रक्कम मिळते ती वेगळी. आमच्याकडे उन्हाळ्याच्या पिकनिकला इथिओपियन उपासाचे ट्रे आणले तेव्हा समितीत आधी "लोक खातील का" यावर लंबी चर्चा झाली, शेवटी पुलाव आणि जिलबी ठेवूनच परवानगी मिळाली, आणि मसूर सगळ्यात आधी संपली. फक्त दोन गोष्टी पाळा. आदल्या रात्री आकडा बदलू नका, ही आपली खोड आहे, ऐंशीचे एकशेदहा करायचे आणि वर "ॲडजस्ट करा ना" म्हणायचं, इंजेरा आंबायला दिवस लागतात. आणि भाव पाडू नका. ज्या रकमेला पंजाबी केटरर मुकाट्याने देता तेवढीच इथेही द्या.

शोधायला ईटओक्रा नावाचं ॲप आहे, ब्लॅक-ओन्ड हॉटेलांचंच, गूगलनेही २०२० मध्ये मॅपवर तशी खूण आणली, आणि ब्लॅक रेस्टॉरंट वीक ह्यूस्टनला २०१६ मध्ये सुरू होऊन आता बऱ्याच शहरांत होतो, त्याची यादी चाळून ठेवा. या शनिवारीच जायचं असेल तर पटेल प्लाझाचा किराणा जेवणानंतर घ्या, कोथिंबीर गाडीत कोमेजते.