ऑक्टोबर-अखेरीस बेन लोमंड, ग्लासगोहून एका दिवसात

स्कॉटलंडमधला बेन लोमंड हा डोंगर ऑक्टोबरच्या शेवटी ग्लासगोहून एका दिवसात चढून येता येईल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. पण तुम्ही लिहिलेल्या वेळापत्रकात नाही.

नऊला ग्लासगो सोडायचं, माथ्यावर डबा खायचा आणि अंधाराच्या आत खाली यायचं, असा तुमचा बेत आहे. तुम्ही निवडलाय ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, आणि नेमकी त्याच पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचलाच जाणार. त्यामुळे आधी घड्याळाचा हिशोब करू, बुटांचं नंतर बघू.

बेन लोमंड 974 मीटर. वाट रोवर्डेननला लॉख लोमंडच्या काठावरून सुरू होते आणि ते तळं समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर वर आहे, म्हणजे जवळजवळ सगळी उंची पायांनीच कमवायची. जाऊन-येऊन अंतर साधारण 12 किलोमीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली सांगितलेला आडाखा इथे अजून वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आपलं गणित 2 तास 24 मिनिटं अधिक 1 तास 36 मिनिटं, म्हणजे चार तास. हे झाले न थांबणाऱ्या धडधाकट माणसाचे. चौघं जण, त्यात 58 वर्षांचे बाबा, फोटो, डबा, रेनकोट घालणं-काढणं धरून मी सहा तास लावीन. नऊला निघालात तर सव्वा-दीड तास गाडीत, मग पार्किंग शोधणं. पावणेअकराला चालायला लागून बरोब्बर सूर्यास्तालाच खाली पोचाल. सातला निघा, साडेआठला चाला. साडेबाराला जिथे असाल तिथून परत फिरायचं, माथा दोनशे मीटरवर दिसत असला तरी. हे आदल्या रात्रीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या, कारण वर गेल्यावर कोणी ऐकत नाही.

बाबांनी मागच्या वर्षी कळसूबाई केलंय, म्हणजे दमाची काळजी नाही. बारी गावातून जेवढं चढतो त्यापेक्षा हा चढ फार वेगळा नाही, शिड्या नाहीत, हात लावावा लागत नाही. फरक आहे तो भिजण्यात. सह्याद्रीत पावसात चिंब भिजणं हीच मजा असते, घरी येऊन गरम चहा प्यायला की विषय संपला. इथे काठावर 10 अंश असेल तर माथ्यावर तीन-चार अंश असतात, आणि ताशी 40 मैलांचा वारा सुटला की अंगाला शून्याखालचं वाटतं. त्यात अंगावर ओला कॉटनचा टीशर्ट असेल तर माणूस अर्ध्या तासात थरथरायला लागतो. म्हणून जीन्स आणि कॉटन घरी ठेवा. तुम्ही म्हणालात तो निळा पोंचोसुद्धा; वाऱ्यात त्याचं शीड होतं. वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट दोन्ही हवीत (पँटवर लोक पैसे वाचवतात आणि मग कुडकुडतात), फ्लीस (ऊबदार जाकीट), टोपी, हातमोजे, आणि प्रत्येकाकडे हेडलॅम्प. मोबाइलचा टॉर्च चालणार नाही, कारण फोन नकाशासाठी आणि मदतीसाठी जपायचाय आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते.

वाट सोपी आहे, चुकायला फारशी जागा नाही. पार्किंगजवळच्या इमारतीमागून ओक-बर्चच्या झाडीतून वर येता, मग फाटक, मग उघडी सोंड. ही सोंड लांबच लांब आहे, इथेच कंटाळा येतो. शेवटचा टप्पा नागमोडी आणि खडा. तो संपला की माथा आला असं वाटतं, पण अजून थोडी धार चालायची असते, आणि तिच्या उजव्या हाताला, ईशान्येकडे, कडा सरळ खाली तुटलेला आहे. स्वच्छ हवेत तिथून काठाशी वाकून बघण्याचा मोह होतो. धुक्यात मात्र वाटेवरून उजवीकडे एक पाऊलही नको. माथ्यावर नकाशाच्या मोजणीसाठी बांधलेला सिमेंटचा खांब आहे. लिंबूसरबतवाला नाही, टाकं नाही, आडोसाही नावापुरताच. माणशी दीड लिटर पाणी, थर्मासमध्ये चहा, आणि थेपले-चटणी. चालता चालता खाता येईल असं काही खिशात ठेवा.

उतरताना शेजारच्या टार्मिगन नावाच्या धारेवरून गोल फेरी करायचं तुम्ही विचारलंय. या वेळी नको. माथ्यावरून त्या बाजूचा उतार खडकाळ आणि तीव्र आहे, ओला असला की बसून उतरावं लागतं, आणि पुढे चिखल. आल्या वाटेनेच या. टार्मिगन जूनसाठी ठेवा, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो.

हवामान शहराचं बघू नका. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस आणि मेट ऑफिस दोघांचेही डोंगरांसाठी वेगळे अंदाज असतात. शनिवारी संध्याकाळी वाचा, आणि पावसाच्या आधी वारा वाचा. माथ्यावर 40 मैलांच्या वर सांगितला असेल तर बेत बदला. कॉनिक हिल त्याच रस्त्यावर आहे, 361 मीटर, बॅलमहा गावाहून दोन-तीन तासांत होते, आणि वरून तळ्यातली बेटं एका ओळीत दिसतात. ती ओळ म्हणजेच हायलँड्सची भूगर्भीय सीमा. खरं सांगायचं तर मला तिथलं दृश्य जास्त आवडतं. गाडीचं जमलं नाही तरी हाच पर्याय, कारण बस बॅलमहापर्यंत येते, रोवर्डेननला नाही.

गाइडची गरज नाही, पण ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा लँडरेंजर 56 क्रमांकाचा कागदी नकाशा आणि कंपास घ्या. घरी कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा. काही झालंच तर 999 हा आणीबाणीचा नंबर लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. रेंज कमी असेल तर 999 ला एसएमएसही जातो, पण त्यासाठी आधी 'रजिस्टर' असा मेसेज इंग्रजीत पाठवून नोंदणी करावी लागते. आजच करून टाका. मदत मागण्याचा शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा.

मिजेसचं, म्हणजे इथल्या चावऱ्या चिलटांचं, विचारलंत: ऑक्टोबर-अखेरीस नसतात, जाळीच्या टोप्या घेऊ नका. ते पैसे वॉटरप्रूफ पँटमध्ये घाला.