जुन्या टॉवरमधून निघालेला जीपीएसडीओ घरच्या अचूक घड्याळासाठी घ्यावा का? त्याची तारीख चुकीची दिसली तर?

प्रश्न वाचला. बंद पडलेल्या मोबाईल टॉवरांमधले जीपीएसडीओ (जीपीएस उपग्रहांच्या वेळेवर आतला क्वार्ट्झ जुळवून दर सेकंदाला एक पल्स आणि नेमके १० मेगाहर्ट्झ देणारा डबा) ऑनलाइन स्वस्तात मिळायलेत, ते घेऊन घरी अचूक वेळ ठेवता येईल का, कुठलं मॉडेल घ्यावं, आणि खाली तुम्ही एक ओळ टाकलीय की एका विक्रेत्याच्या फोटोत तारीख वीस वर्षांपूर्वीची दिसतेय, म्हणजे माल खराब आहे का. बाकीचं नंतर बघू, मी या शेवटच्या ओळीसाठी टायपायला बसलोय. नाही, माल खराब नाही. हेच मी आमच्या दाजींना २०२० पासून सांगतोय.

माझं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमचे पॅनेल, ड्राइव्ह, सेन्सर बोर्ड दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. घड्याळाचा नाद मात्र घरातला, वडील मिलमध्ये होते आणि आमच्या गल्लीतली सगळी घड्याळं मिलच्या भोंग्यावर लावलेली असायची. २०१८ला मी ट्रिंबल कंपनीचा थंडरबोल्ट नावाचा जीपीएसडीओ मागवला, कस्टम-बिस्टम धरून बारा हजारांच्या आसपास पडला. बायकोला सहा सांगितले. (ती हे वाचत नाही.)

आल्या आल्या पहिलं गाढवपण. या डब्याला +५, +१२ आणि -१२ असे तीन व्होल्टेज लागतात, ते जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून काढले, गच्चीवर पत्र्याच्या खोलीच्या वर अँटेना ठोकली, माझ्या मॉडेलला अँटेनासाठी डिश टीव्हीचंच एफ कनेक्टर होतं त्यामुळे केबलचा प्रश्न मिटला, आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) आणि सोळा बाय दोनचा एलसीडी लावून वेळ दाखवायला सुरुवात केली आणि बघतो तर काय, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल १८ सेकंद मागे! आठवडाभर मी येईल त्याला ऐकवत होतो, मालक तुमचा फोन अठरा सेकंद मागे पळायलाय. फोनवर दाजींनाही सांगितलं. दाजी पुण्याला बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहेत. ते एवढंच म्हणाले, "सगळ्यांचेच नेमके अठरा कसे काय रे मागे?"

झालं. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून सरळ मोजत आलीय, तिच्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घालायचा जादा सेकंद) घालत नाहीत, आणि जगाच्या प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत तेव्हापासून १८ घातले गेले, शेवटचा २०१६च्या ३१ डिसेंबरला. डबा फॅक्टरी सेटिंगवर जीपीएसची वेळ देत होता. त्याला यूटीसीवर टाकायची एक कमांड आहे, ती दिली आणि गप्प बसलो. उपग्रहाकडून हा फरक कळायला साडेबारा मिनिटांचा पूर्ण संदेश यावा लागतो, तेवढं थांबा, लगेच शिव्या देऊ नका. तेव्हा दाजी बरोबर होते, मान्य. पण त्या एका गोष्टीवर माणूस किती वर्षं काढणार?

आता तारखेचं. १५ जानेवारी २०२०, संक्रांत. ताई, दाजी आणि पोरं गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेला आली होती, घर भरलेलं, एलसीडी मी हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेला. दाजींनी तिळगूळ तोंडात टाकला, वर बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "३१ मे २०००. वा! अगं, तिळगूळ काय देताय, आमरस काढा." अख्खं घर हसलं. शेजारच्या काकूसुद्धा.

मी म्हणालो दाजी वार बघा. वार बुधवार होता. त्या दिवशी बुधवारच होता की. उपग्रह आठवड्याचा नंबर दहा बिटांत पाठवतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य, साधारण १९.६ वर्षं. हा शून्य कुठल्या काळातला ते रिसीव्हरच्या आतल्या प्रोग्रॅमला ठरवावं लागतं, आणि थंडरबोल्टच्या प्रोग्रॅमची ती अक्कल ३० जुलै २०१७ला संपली, त्या दिवशी तो १४ डिसेंबर १९९७ दाखवायला लागला. दोन्ही रविवार. पूर्ण आठवडेच मागे गेले तर वार चुकेल कसा? तास, मिनिटं, सेकंद, पल्स, १० मेगाहर्ट्झ, सगळं जागच्या जागी. तारखेत १०२४ आठवडे, म्हणजे ६१,९३,१५,२०० सेकंद मिळवायचे एवढंच, कोडमध्ये एका ओळीचं काम. लेडी हेदर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याच्या नव्या आवृत्तीत हे आहेच. मी ती ओळ आळसाने घातली नव्हती, हा माझा गुन्हा. डब्याचा नाही.

दाजी काही ऐकेनात. "ज्याला साल कळत नाही त्याचा सेकंद मी का मानू? माझा फोन बघ, फुकट, तारखेसकट बरोबर." मग मीही पेटलो. डब्याच्या पल्सवर एक एलईडी लावला, घरातले पाच फोन सेकंद दाखवणारं अॅप उघडून त्याच्या शेजारी मांडले आणि भाचीला स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला लावला. दोन फोन चांगले निघाले, डोळ्याला फरक दिसत नव्हता. दोन अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर. दाजींचा सव्वा सेकंद मागे. सर्वांत महागडा तोच होता.

त्यावर दाजी शांतपणे म्हणाले, "सव्वा सेकंदाने माझं काय अडलंय? आणि तुझी ही अचूक वेळ तरी कुठली, मिर्झापूरची." हे मात्र खरंय. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सोलापूर ७५.९ला, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या २६ मिनिटं मागे, आणि संक्रांतीच्या सुमारास तर तो डोक्यावर यायला १२:३५ होतात. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. वडील पाटावर बसून भोगीची उरलेली भाकरी खात होते, ते वर न बघता म्हणाले, "भोंग्याला कुणी तारीख विचारत नव्हतं." दाजींनी विषय बदलला. पण दर संक्रांतीला आमरस निघतोच.

काय अडलंय याचं उत्तर आता देतो. माझ्याकडे एक सेकंडहँड फ्रीक्वेन्सी काउंटर (सेकंदाला किती कंपनं ते मोजणारं यंत्र) होता, आठ वर्षं मी त्यावर डोळे झाकून विश्वास टाकला. थंडरबोल्टचे १० मेगाहर्ट्झ त्यात घातले तर काउंटर १४ हर्ट्झ जास्त दाखवायला लागला. एक कोटीत चौदा. रोजच्या कामात काही बिघडत नाही, पण मोजायची पट्टीच चुकीची होती हे मला या डब्याशिवाय कळलं नसतं. पुण्यात बसून फोनवर वेळ बघणाऱ्याला हे कळायचं नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. सोलापूरसारख्या गावात या डब्याचे दोन शत्रू, ऊन आणि लाइट. आतला क्वार्ट्झ भट्टीत ठेवून गरम राखलेला असतो, लाइट गेली की भट्टी थंड होते आणि परत आली की वेळ लगेच मिळते पण फ्रीक्वेन्सी नीट बसायला तास जातात, महिनोन्महिने बंद पडलेला माल असेल तर आठवडेसुद्धा. सीडीएमए या जुन्या मोबाईल पद्धतीचे टॉवर मायक्रोसेकंदांत एकमेकांशी जुळलेले राहायला लागायचे, जीपीएस गेलं तरी काही तास या क्वार्ट्झवर तग धरायचा, म्हणून तिथे बॅटरीचा भलामोठा बंदोबस्त असायचा. आपण घरी आणून तो एसएमपीएसला लावतो आणि म्हणतो माल खराब. इन्व्हर्टर नसेल तर घेऊच नका.

उन्हाचं माझ्याकडून शिका. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी डबा हेलकावे खायचा, ऑसिलेटरचं, म्हणजे त्या क्वार्ट्झला जागेवर ठेवणारं कंट्रोल व्होल्टेज सकाळी एक, दुपारी दोनला भलतंच, पंखा लावला बंद केला तरी लेडी हेदरच्या आलेखातली त्याची रेघ हलायची. मी ठरवलं याला ऊब सारखी पाहिजे. घरात जुनी चादर होती, आपली सोलापुरीच, जाड, तिची चार घड्या करून डब्याला गुंडाळली आणि खाली जेवायला आलो. तासाभराने लेडी हेदरवर डब्याच्या आतलं तापमान ६० पार, रेघ उभी चढत चाललेली, आणि वर गेलो तर खोलीत तापलेल्या सुताचा वास. भट्टी बाहेरच्यापेक्षा जास्त गरम असेल तरच ती ताबा ठेवू शकते, बाहेरच भट्टी केल्यावर ती काय करणार. चादर बायकोच्या माहेरची निघाली, ते वेगळं प्रकरण. शेवटी डबा खालच्या दगडी भिंतीच्या खोलीत आणला, जिथे आई धान्य ठेवायची, आणि त्यावर मुरमुऱ्याचा पत्र्याचा मोठा डबा बाजूंना भोकं पाडून उलटा घातला. वारा लागत नाही, उष्णता कोंडत नाही, तापमान दिवसभरात हळूहळू बदलतं. हळू बदललं तर डबा सांभाळून घेतो, झटके नकोत. तेव्हापासून ती रेघ सरळ आहे. केबल तेवढी वाढली, वीस मीटरची आरजी-६, मीटरला साधारण चार नॅनोसेकंद म्हणजे ८० नॅनोसेकंदांचा उशीर, तो सेटिंगमध्ये भरायचा. अँटेना शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीपासून लांब लावा आणि डब्याला स्वतःची जागा निवांत मोजू द्या, तो दोन हजार वेळा मोजतो, अर्धा तास जातो, मध्ये हात लावू नका.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला (पुढे नुसतं पाय) जोडायचा असेल तर पल्स १० मायक्रोसेकंदांची आहे, माझा पाय कधी पकडायचा कधी सोडायचा. ७४एचसी१२३ ही चिप टाकून पल्स लांब केली. आणि ती ५ व्होल्टची असते, पाय ३.३चा, मध्ये रेझिस्टर टाका. माझा एक पाय गेलाय.

मॉडेल कुठलं? मी थंडरबोल्टशिवाय काही वापरलेलं नाही, त्यामुळे दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ. एचपीचे झेड३८०१ए पण जुन्या लोकांत प्रसिद्ध आहेत पण ते टेलिकॉमच्या डीसी व्होल्टेजवर चालतात, तो सप्लाय आधी जमवा.

एक गोष्ट खरं तर वरच सांगायला पाहिजे होती. तुम्हाला फक्त घरचे कॉम्प्युटर आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर ठेवायचं असेल तर जीपीएसडीओ घेऊच नका. यू-ब्लॉक्सचं निओ-६एमसारखं छोटं मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं, त्याची पल्स ३० नॅनोसेकंदांच्या घरातली, पाय आणि क्रोनी हे वेळ जुळवायचं सॉफ्टवेअर लावलं की झालं, कारण पाय स्वतःच काही मायक्रोसेकंद इकडेतिकडे करतो, त्याच्यापुढे आमच्या डब्याची नॅनोसेकंदांची ऐट वाया जाते. फक्त मॉड्यूलची पल्स पिन बाहेर काढलेली आहे का ते बघून घ्या, काही बोर्डांवर नसते. डबा घ्यायचा तो १० मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे काउंटर असेल, हॅम रेडिओ असेल, दोन घड्याळं एकमेकांशी ताडायची असतील तर. किंवा घरी दाजी असतील तर.

एलसीडीवर आता मी तारीखच ठेवलेली नाही. वर वार, खाली वेळ. ती ओळ कोडमध्ये घातलीय, तारीख बरोबर येते, पण दाखवत नाही, मागाल तेव्हा दाखवीन.

विक्रेत्याला विचारायचं असेल तर तारखेचं विचारू नका. डबा दिवसभर चालू ठेवून लेडी हेदरच्या स्क्रीनचा फोटो मागा आणि त्यात डॅकचं व्होल्टेज (तेच वरचं कंट्रोल व्होल्टेज) बघा. ते एका टोकाला जाऊन चिकटलेलं असेल तर क्वार्ट्झ म्हातारा होऊन लगामाच्या बाहेर गेलाय, तो फुकट मिळाला तरी सोडा. मधे कुठेतरी असेल आणि तारीख वीस वर्षं मागची असेल तर भाव पाडायला तीच तारीख दाखवा, माझ्या वेळी मला हे सुचलं नव्हतं.