‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ : तुरळक कोण, पाऊस की ठिकाणं?

देवगडच्या एका आंबा बागायतदार वाचकांचा प्रश्न आहे : “‘कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य पावसाळाभर कानावर पडतं. तुरळक आणि मुसळधार एकाच वाक्यात कसे नांदतात? आमच्याकडे यावरून वेधशाळेची भरपूर टिंगल चालते. चूक भाषेची की शास्त्राची? आणि ‘अंदाज वर्तवला’ हे बरोबर आहे का?”

वाक्य व्याकरणाने चोख आहे. ‘तुरळक’ हे ‘ठिकाणी’चं विशेषण, पावसाचं नाही. पाऊस मुसळधारच, फक्त तो पडेल अशी ठिकाणं थोडी.

पण कान तसं ऐकत नाही, त्याला कारण आहे. आपण तुरळक गर्दी म्हणतो, तुरळक वस्ती म्हणतो, ‘पाऊस तुरळकच झाला’ असंही म्हणतो. म्हणजे रोजच्या बोलण्यात हा शब्द ‘किती’ला चिकटतो. हवामान खातं तो ‘कुठे’साठी वापरतं, आणि तेही मोजून. एखाद्या हवामान विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ असेल तर ‘अनेक ठिकाणी’ आणि त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. पावसाच्या जोराचीही मोजपट्टी आहे. बातम्यांतला ‘मुसळधार’ म्हणजे साधारणपणे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त, आणि २०४.४ च्या पुढे गेला की अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी. आपल्या आजीचा मुसळधार मात्र पागोळ्यांच्या आवाजावर ठरायचा, आणि तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

खरी गोची ‘कोकणात’ या शब्दात आहे. खात्याच्या नकाशावर ‘कोकण आणि गोवा’ हा एक उपविभाग, डहाणूपासून गोव्याच्या दक्षिण टोकापर्यंत. देवगडात बसलेला माणूस ‘कोकणात’ हे ‘माझ्या खळ्यात’ असं ऐकतो. ढग सह्याद्रीला अडून आंबोलीत कोसळतात, तेव्हा किनाऱ्यावर काजूबिया वाळत घालता येतील असं ऊन असू शकतं. आंबोलीचा वर्षाचा पाऊस किनाऱ्यावरच्या गावांच्या दुपटीहून जास्त भरतो. मग वाडीत कुणीतरी म्हणतं, “खय पडलो पावस? वेधशाळा खोटा सांगता.” अंदाज तांत्रिकदृष्ट्या खरा ठरलेला असतो आणि देवगडकरही त्याच्या जागी बरोबर असतो.

त्या ‘खोटा’वर जरा थांबू. मराठीत चुकलेली गोष्टही खोटी ठरते आणि लबाड माणूसही खोटा असतो. ‘अंदाज खोटा ठरला’पासून ‘वेधशाळा खोटी’पर्यंतची वाट फार छोटी आहे. पहिलं म्हणणं म्हणजे शंका. ती हवीच, शास्त्र चालतं ते तिच्याच जोरावर. दुसरं म्हणजे आरोप, आणि तो एकदा रुजला की रेड अलर्टलाही लोक हसतात. म्हणून माझ्यापुरतं मी ‘अंदाज चुकला’ एवढंच म्हणतो.

गंमत अशी की हाच कोकणी माणूस भरतीच्या वेळेवर कधी संशय घेत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. ढोबळ हिशेब, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. चंद्र-सूर्याचं गणित वर्षानुवर्षं आधी मांडता येतं. हवेचं येत नाही, आरंभीचा लहानसा फरकसुद्धा चार दिवसांत मोठा होऊन बसतो. दोन्ही शास्त्रच, पण एकाकडे ‘वेळ’ असते आणि दुसऱ्याकडे ‘शक्यता’.

पंचांगाला मात्र आपण केवढी सूट देतो! मृग नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं, म्हणजे चांगल्या पावसाची खूण मिळाली, आणि पाऊस आला नाही, तर पंचांगाची टिंगल होत नाही. ‘पडतील मघा, नाहीतर वर बघा’ ही म्हण तर चुकूच शकत नाही, दोन्ही शक्यता तिने आधीच पोटात घातल्यात.

आणि बंदरावरचा बावटा, म्हणजे वादळवाऱ्याच्या इशाऱ्याचं निशाण, पाहा. तीन नंबरचा बावटा लागला की त्यात तुरळक नाही, काही नाही, बहुतांश नाही. होडीने काय करायचं ते त्यातून सरळ कळतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्याआधी किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवलं होतं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण तो इशारा कुणाच्या ऐकण्यात गोंधळला नव्हता.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : शास्त्र चुकलेलं नाही, व्याकरणही नाही. पारिभाषिक शब्द घरगुती कपड्यांत फिरतोय, घोटाळा तिथे आहे. बातमी देणाऱ्यांनी ‘कोकणातल्या थोड्याच ठिकाणी, पण तिथे मुसळधार’ असं लिहिलं तर अर्धी टिंगल बंद होईल. तो ‘पण’ फार महत्त्वाचा आहे. मोहोरावर फवारणी करायची की दोन दिवस थांबायचं हे ठरवणाऱ्याने तर जिल्ह्याचा आणि तालुक्याचा अंदाज बघावा, आख्ख्या कोकणाचा नव्हे.

आता ‘वर्तवणे’. भविष्य वर्तवतात, भाकीत वर्तवतात. ते क्रियापद जोशीबुवांच्या घरचं. अंदाज मराठीत बांधतात, घेतात, करतात. बागेत फिरून यंदा किती पेट्या निघतील याचा अंदाज तुम्ही बांधता, वर्तवत नाही, आणि तो चुकला तर तुम्हाला कुणी खोटारडं म्हणत नाही. ‘अंदाज वर्तवला’ वर्तमानपत्रांनी इतकं रूढ केलंय की आता त्याला अशुद्ध ठरवण्यात अर्थ नाही. मी स्वतः ‘हवामान खात्याने अंदाज दिला’ असं लिहितो.